येतानाचं अंतर

१

दोनशे बारा किलोमीटर आणि बेचाळीस मिनिटं. मिनिटकाकूंना गाढ झोपेतून हलवून विचारलं असतं तरी त्यांनी हेच दोन आकडे सांगितले असते, आणि वर उठवणाऱ्याला चार शब्द सुनावले असते ते वेगळेच.

दोन छोटे विमानतळ. काकू ज्या विमानतळावर कामाला होत्या त्याला सगळे ‘अलीकडे’ म्हणायचे आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होता त्याला ‘पलीकडे’. खरी नावं पाटीवर होती, पण पाटी वाचायला वेळ कुणाला होता? नऊ प्रवाशांचं, एका पंख्याचं, एकच वैमानिक लागणारं विमान सकाळी पलीकडे जायचं आणि बारा वाजता तिथून निघून बारा बेचाळीसला परत यायचं. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. विमानं दोनदा बदलली, साहेब सात बदलले, काकू तिथेच.

काकूंचं काम म्हणजे विमान सोडणं. हवा बघायची, वजन मोजायचं, इंधन किती भरायचं ते ठरवायचं आणि कागदावर सही करायची. त्यांची सही नसेल तर विमान जागचं हलत नसे. एक मिनिट इकडचं तिकडे झालं तरी त्या खोदून खोदून कारण विचारायच्या, म्हणून ते नाव पडलं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण काकूंना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

वर्षभरापूर्वी त्यांच्या एकुलत्या एक लेकीला या मार्गावर कप्तान म्हणून नेमलं. आता तुम्ही म्हणाल, आई सोडणार आणि लेक उडवणार, मग काय, घरचंच कार्य! पण काकूंनी पहिल्याच दिवशी खुंटा बळकट केला. लेकीनं रेडिओवरून आनंदानं विचारलं, “आई, येतोय का गं आवाज?” तर काकू म्हणाल्या, “इथे आई कुणी नाही. केंद्र बोलतंय. कप्तान, तुम्ही परत बोला.” सगळा विमानतळ दोन दिवस हसत होता. तेव्हापासून रेडिओवर लेकीला ‘तुम्ही’, आणि घरी गेल्यावर ‘अगं’, ‘सोन्या’, ‘घोडे’, जे तोंडात येईल ते. दोघींनाही त्यात गंमत वाटायची. काकूंचा सगळा जीव त्या पोरीत होता, आणि म्हणूनच तर रेडिओवर त्या इतक्या कोरड्या बोलायच्या. प्रेमानं हात कापतो, असं त्यांचं मत होतं.

२

मंगळवारी मिस्त्री वर आले. विमान उतरलं की टाकी मोजायची हे त्यांचं काम.

“काकू, आज तीन किलो जास्त जळलंय.”

“तीन किलो म्हणजे एक मिनिट,” काकू लगेच म्हणाल्या. “पण विमान तर बेचाळीसलाच आलं. माझ्या डोळ्यांदेखत.”

“मग तुमचे डोळे बरोबर आणि माझी टाकी चूक.”

“चष्मा बदला मिस्त्री.”

“चष्मा मागच्याच महिन्यात बदललाय. आता टाकीला लावतो.”

दोघंही हसले आणि विषय संपला. तीन किलोसाठी कोण डोकं फोडून घेणार? जोराचा वारा समोरून आला की तेवढं जातंच. फक्त मंगळवारी वारा नव्हता, ही गोष्ट काकूंना घरी जाताना आठवली आणि त्यांनी ती सोडून दिली.

बुधवारी नऊ किलो आणि गुरुवारी पंधरा. जाताना एक थेंब इकडचा तिकडे नाही, येतानाच तेवढं जास्त जळायचं. आणि घड्याळ? घड्याळ बेचाळीसवर ठाम! काकूंनी भिंतीवरचं पाहिलं, मनगटावरचं पाहिलं, कॉम्प्युटरवरचं पाहिलं. तिन्ही घड्याळं एका सुरात खोटं बोलतील असं काही त्यांना वाटेना.

गुरुवारी अजून एक झालं. आठवड्यातून दोनदा, गुरुवारी आणि रविवारी, पलीकडे शिकवायला जाणाऱ्या एक मास्तरीणबाई होत्या. त्या उतरून बाहेर जाता जाता काकूंना भेटल्या.

“काय सुरेख झोप लागली हो! घरी रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, आणि इथे अर्ध्या तासात जन्माची झोप झाल्यासारखं वाटतंय.”

“चांगलं झालं की.”

“मलाच नाही, सगळ्यांनाच. आम्ही सगळे एकदमच जागे झालो.”

बाई खुशीत निघून गेल्या. खिडकीतून काकूंनी बाकीचे प्रवासी पाहिले. आठही जण आळस देत चालले होते, गालांवर सीटच्या शिवणीचे वळ उमटलेले. इतके खोल वळ उठायला माणसाला किती वेळ एका कुशीवर पडून राहावं लागतं, याचा त्या उगाचच विचार करत बसल्या.

३

शुक्रवारी चोवीस किलो, म्हणजे आठ मिनिटं.

त्या दिवशीचा उड्डाणाचा कागद काकू दुपारी घरी घेऊन आल्या, आणि हे नियमात बसत नव्हतं हे तुम्हीही लक्षात ठेवा. स्वयंपाकघराच्या ओट्याशी लेक उभ्या उभ्याच खात होती. दोन माणसांचं जेवण तिनं एकटीनं संपवलं होतं.

“अगं, बसून खा. उपाशी ठेवलं होतं का कुणी तुला?”

“भूक मरणाची लागते हल्ली. आणि हे घड्याळ बघ, चावीचं. आठ मिनिटं पुढे गेलंय. रोज पुढे जातंय मेलं.”

काकूंनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. त्यांनी कागद पुढे सरकवला. समासात, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: परवा १०६ मि.

“हे काय लिहिलंयस?”

“मी नाही लिहिलं.”

“सहाचा शेपटा बघ. शाळेपासून तुझा सहा असाच लोळतो. परवा म्हणजे बुधवार. बुधवारी विमान बेचाळीस मिनिटांत आलं, आणि इंधनावरून मोजलं तरी पंचेचाळीस होतात. एकशे सहा आणलेस कुठून?”

“आई, मी खरंच नाही लिहिलं गं.” लेकीनं कागद हातात घेतला, वळवून पाहिला आणि तिचा घास तोंडातच राहिला. “अक्षर माझंच आहे.”

“मग?”

“मग काय मग? झोपेत लिहिलं असेल!”

ती चिडून बोलली. वैमानिकानं झोपेत लिहिलं असेल, या वाक्याचा अर्थ दोघींच्याही एकदमच डोक्यात शिरला. काकूंनी कागदाची घडी घातली. आकडे चुकीचे, एवढं म्हणून त्यांनी तो पर्समध्ये टाकला. चुकीच्या आकड्याचा त्यांना राग यायचा, भीती कधी वाटली नव्हती.

४

शनिवारी तीस किलो जळलं. मिस्त्रींनी हात टेकले. दुपारभर विमान उघडून ठेवलं, नळी न् नळी तपासली, मापक नवा बसवला, इंजिन जमिनीवर अर्धा तास चालवून पाहिलं. गळती नाही की बिघाड नाही. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला.

“काकू, मापकच खराब होता. आता बदललाय. झालं की!”

साहेब तिशीतले, बूट नेहमी चकचकीत, आणि कुठलीही गोष्ट ‘झालं की’ म्हणून मिटवायची त्यांना सवय. काकूंनाही ते पटलं. पटवून घ्यावंसं वाटलं म्हणा हवं तर. बावीस वर्षं ज्या बाईनं आकड्यांवर विश्वास ठेवला, ती अचानक दुसऱ्या कशावर ठेवणार?

पण लेक विमानाच्या शिडीवर बसून होती. काकू तिच्याजवळ गेल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं.

“आई, एक सांगू? हसू नकोस.”

“हसण्यासारखं असेल तर हसेन.”

“मुक्या खिंडीत खाली धावपट्टी दिसते.”

डोंगराच्या मधोमध तीन मिनिटं अशी होती की रेडिओ चालत नसे, नुसती खरखर. तिला सगळे मुकी खिंड म्हणायचे. खाली दाट जंगल. बावीस वर्षांत तिथे कुणी झोपडी बांधलेली नव्हती, धावपट्टी कसली!

“काल लांबून दिसली. आज जवळून. एक छोटी इमारत आहे, आपल्यासारखीच. वरच्या मजल्याला खिडकी आहे, तुझ्या खिडकीसारखी. आणि बाहेर कुणीतरी उभं राहून हात हलवत होतं. ये म्हणून.”

“बाई की पुरुष?”

हे विचारायचं काकूंच्या मनात नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

“एवढं नाही दिसलं,” लेक म्हणाली. पण ती आईकडे न बघता म्हणाली.

काकूंनी तिला सुट्टी घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, मापक बदललाय, इंजिन ठीक आहे, कागदावर कारण काय लिहू? मला जंगलात बाई दिसते? विमान कायमचं काढून घेतील माझ्याकडून. ते खरंच होतं. शेवटी काकूंनी आपल्या हातात होतं तेवढं केलं. पलीकडे फोन लावला आणि उद्या येताना टपालाचं एक पोतं उतरवून त्या वजनाचं चोवीस किलो इंधन जास्त भरायला सांगितलं. नेहमीचं तीनशे, आता तीनशे चोवीस.

पलीकडचा माणूस म्हणाला, “काकू, बेचाळीस मिनिटांच्या वाटेला एवढं? समुद्र ओलांडायचाय का?”

“तुम्ही भरा हो,” काकू म्हणाल्या. “मला बरं वाटेल.”

५

रविवारी आकाश कसं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. विमान सकाळी गेलं ते वेळेत, बाराच्या ठोक्याला पलीकडून निघालं तेही वेळेत. प्रवासी नऊ. काकूंनी खोलीत बसून पाण्याचा ग्लास भरला, रेडिओचा आवाज वाढवला आणि समोरच्या काचेतून रिकाम्या धावपट्टीकडे बघत राहिल्या. सगळं छान चाललं होतं. बारा दहाला लेकीनं उंची कळवली, काकूंनी लिहून घेतली.

साहेब दाराशी उभे राहून घरी फोनवर बोलत होते. बायकोशी काहीतरी घोळ चालला होता.

“परवा? अगं पण कुठला परवा, गेलेला की येणारा? नीट सांग ना!”

काकू गालात हसल्या. आणि तसंच हसू चेहऱ्यावर असताना त्यांची नजर पर्सवर गेली.

त्यांनी पर्स ओढली. कागद काढला. घडी उलगडताना तो फाटला. शुक्रवारचा कागद. परवा १०६ मि. त्यांनी गेलेला परवा धरला होता. बुधवार! जे होऊन गेलं त्याचा हिशोब मांडायची इतकी सवय, की दुसरा परवा त्यांना सुचलाच नव्हता. शुक्रवारचा येणारा परवा म्हणजे रविवार.

आज.

त्यांनी पेन घेतलं. तीनशे चोवीस किलो, मिनिटाला तीन. एकशे आठ. पुन्हा केलं, एकशे आठच. लागणार एकशे सहा. ते चोवीस किलो भरलं नसतं तर शंभर मिनिटांतच पंखा थांबला असता. आणि खाली, अगदी हाताशी, ती धावपट्टी असणार होती. थकल्याभागल्या वैमानिकाला दुसरं काय करता आलं असतं?

मन म्हणत होतं, म्हातारे, एका पेन्सिलीच्या रेघेवर काय उड्या मारतेस? मापक बदललाय. हवा स्वच्छ आहे. साहेब ऐकतायत. रेडिओवर काही वेडंवाकडं बोललीस तर उद्या घरी बसवतील. आणि मन बरोबरच होतं, एकूण एक मुद्दा बरोबर होता.

घड्याळात बारा एकोणीस झाले होते. विसाव्या मिनिटाला मुकी खिंड. काकूंनी बटण दाबलं.

६

“कप्तान, केंद्र बोलतंय. ऐका आणि परत म्हणा. खिंडीत वेळ लांबेल. तुमच्याकडे एकशे आठ मिनिटांचं इंधन आहे. एकशे सहा लागतील. मध्ये धावपट्टी दिसली तरी उतरायचं नाही. कुणीही बोलावलं तरी.”

मग बारीक आवाज, “आई...”

“परत म्हणा, कप्तान.”

“इंधन एकशे आठ. लागणार एकशे सहा. मध्ये उतरायचं नाही.”

“कुणीही बोलावलं तरी.”

“कुणीही बोला...”

खिंड लागली.

साहेब फोन ठेवून आत आले होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “काकू, हे काय चाललंय? हे सगळं ध्वनिमुद्रित होतं, माहितीय ना?”

काकूंनी हात वर करून त्यांना थांबवलं. खिंडीत नेहमी खरखर यायची, लाह्या फुटल्यासारखी. आज येत नव्हती. स्पीकरमध्ये अगदी निवांत शांतता होती, कुणीतरी पलीकडे खोलीत बसलंय आणि दार लोटलेलं आहे अशी. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

आणि मग मिनिटकाकूंचा आवाज आला.

“अगं सोन्या, किती वेळ झाला. दमलीस ना? उतर बघू जरा. मी आलेय न्यायला.”

काकूंनी आपला हात तोंडावर नेऊन पाहिला. ओठ मिटलेले होते.

“काकू,” साहेब कुजबुजले, “तुम्ही... तुम्ही आत्ता काही बोललात?”

“नाही.”

“मग हे...”

साहेबांची पाचावर धारण बसली होती. ते भिंतीला टेकून उभे राहिले. स्पीकरमधला आवाज किती गोड होता म्हणून सांगू! लेक तापानं फणफणलेली असताना काकू उशाशी बसून ज्या आवाजात बोलायच्या, तोच. त्यातला एकेक चढउतार काकूंच्या ओळखीचा होता. “घाबरू नको गं. खाली सगळं तयार आहे. ये माझ्याकडे.”

बटणावर बोट ठेवून त्या ओरडणारच होत्या, अगं, ती मी नव्हे, अगं ऐक माझं! शब्द जिभेच्या टोकावर आले होते. तिथेच त्यांनी ते दातांखाली दाबले. अगं म्हटलं की संपलं. दोन आया अगं म्हणून बोलावू लागल्या तर पोरीनं खरी कुठली धरायची?

त्यांनी पाठ ताठ केली, आवाज होता नव्हता तेवढा सुकवला आणि बटण दाबलं.

“कप्तान, तुम्ही पुढे चला.”

उत्तर नाही. खिंडीत उत्तर येतच नसतं. आवाज जातो की नाही तेही ठाऊक नाही. सेकंदकाटा निम्मं वर्तुळ फिरला की काकू पुन्हा बोलायच्या.

“कप्तान, तुम्ही पुढे चला.”

तो दुसरा आवाज मध्ये मध्ये बोलतच होता. आता रडत होता. आई आजारी आहे म्हणत होता. तुझ्या बाबांची आठवण येते का गं, असंही म्हणाला, तेव्हा काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. पुसलं असतं तर आवाज हलला असता.

“कप्तान, तुम्ही पुढे चला.”

मग तो आवाज गप्प झाला. जरा वेळानं तो बोलला तेव्हा कोरडा होता, सरळ होता, हुबेहूब कामावरच्या काकूंचा होता. ऐकता ऐकता शिकला होता.

“कप्तान.”

आता काय करायचं? आता तिनं ओळखायचं कसं?

“कप्तान,” आवाज म्हणाला, “तुम्ही उतरा ना गं.”

साहेबांनी दचकून काकूंकडे पाहिलं. आणि काकू, खरं सांगतो, हसल्या. एवढं सगळं शिकला आणि त्या ‘ना गं’ पाशी घसरला! बावीस वर्षांत या खोलीतून कुणी कुणाला ‘ना गं’ म्हटलं नव्हतं.

“कप्तान,” त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “तुम्ही पुढे चला!”

७

बारा तेवीसला खरखर आली. नेहमीची, लाह्या फुटल्यासारखी. काकूंना ती इतकी गोड कधी लागली नव्हती.

खरखरीतून लेकीचा आवाज आला. घोगरा, कोरडा पडलेला, पण तिचाच. “केंद्र, कप्तान बोलतेय. खिंड ओलांडली. इंधन... इंधन त्रेसष्ट किलो.”

एकवीस मिनिटांचं. उरलेली वाट एकोणीस मिनिटांची. काकूंनी ते मनातल्या मनात केलं आणि सरळ आवाजात सांगितलं, “बरोबर आहे, कप्तान. पुरेल.” मग बटण सोडलं आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

ती एकोणीस मिनिटं काकू खुर्चीत बसल्या नाहीत. मिस्त्रींना बोलावलं, धावपट्टी मोकळी करायला लावली, पाण्याचा बंब उभा करवला. साहेब एकदाही ‘झालं की’ म्हणाले नाहीत. काकू सांगतील ते धावत जाऊन करत होते. बारा एक्केचाळीसला डोंगराच्या कडेवर पांढरा ठिपका दिसला. तो मोठा झाला, त्याला पंख फुटले, तो वळला, खाली आला. चाकं टेकली तेव्हा दोन्ही टायरांतून धूर निघाला.

आणि विमान धावपट्टीच्या मध्यावर आलं असताना पंखा एकदा अडखळला, पुन्हा फिरला, आणि थांबला. इंजिनाचा आवाज गेला. विमान तसंच, चाकांवर, मुकाट्यानं थोडं पुढे घरंगळत आलं आणि उभं राहिलं.

काकू जिना उतरून धावत सुटल्या. बासष्टाव्या वर्षी त्या अशा धावताना कुणी पाहिल्या नव्हत्या. लेक दार उघडून शिडीवर आली होती. ओठ सुकून फाटले होते. काकूंनी तिला वरच्या वर पोटाशी धरली, इतकी घट्ट की ती कण्हली.

“एक तास,” लेक म्हणाली. “तासाच्याही वर होते मी तिथे, आई. फिरतच होतं सगळं. डोंगर संपतच नव्हता. तू सारखी बोलवत होतीस. आणि दर दहा मिनिटांनी तू एकदाच म्हणायचीस, तुम्ही पुढे चला. बस्स. एवढंच. मी त्या एका वाक्याची वाट बघत बघत...”

“पुरे. नको सांगूस.”

“ती ‘उतरा ना गं’ म्हणाली ना, तिथे मी हसले. रडत होते, आणि हसले. मग खाली बघायची हिंमत झाली.” तिनं आईच्या खांद्यावर तोंड लपवलं. “ती तूच होतीस, आई. खाली उभी. हसत होतीस, पण हसू बंदच होत नव्हतं. मागे काचेआड माणसं होती, ओळीनं. नऊ. हातात आपापल्या पिशव्या. मी मागे वळून पाहिलं तर आपले नऊही जण खुर्च्यांवर झोपलेले. तेच कपडे. तीच माणसं. आणि त्या ओळीत, नवव्या माणसाच्या शेजारी, एकाची जागा सोडलेली होती.”

काकूंनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मान वर करून त्यांनी डोंगराकडे पाहिलं, चांगलं रोखून. रिकामी राहू दे म्हणावं ती जागा! त्यांना भीती वाटत नव्हती. त्यांना असा काही आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा कळेना.

८

विमानातून मास्तरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं. केस विस्कटलेले, गालावर वळ.

“पोचलो का? इथे मध्येच का थांबलो?”

“इंधन संपलंय,” काकूंनी सांगून टाकलं. “उतरा सगळे आणि ढकला.”

“काय?”

“ढकला! झोप झालीय ना भरपूर? मग लावा हात!”

नऊ माणसं डोळे चोळत उतरली. कुणी काही विचारायच्या आत मिस्त्रींनी त्यांना पंखांखाली उभं केलं, इथे धरा, तिथे धरू नका, ते मोडेल. बंबावरची माणसं आली. तिकिटाच्या खिडकीवरची मुलगी खिडकी उघडी टाकून धावत आली. साहेबांनी कोट काढून धावपट्टीच्या कडेला गवतावर टाकला आणि त्या चकचकीत बुटांनी डांबरात पाय रोवले. लेक खाली बसून पाणी पीत होती, तीही उठली.

“तू बस,” काकू म्हणाल्या.

“माझं विमान आहे.”

“बरं, मग माझ्या शेजारी ये.”

“हां, एक, दोन...” मिस्त्री ओरडले.

विमान हललं नाही. पुन्हा जोर लावला. तरी नाही. कुणाच्या तरी चपलेचा अंगठा तुटला, कुणी हसलं, आणि एकाचं हसू दुसऱ्याला लागलं. तिसऱ्या वेळी चाक एवढंसं वळलं. मग आणखी एवढंसं. मग ते अवाढव्य धूड खरंच चालायला लागलं, आणि धावपट्टीवर असा गलका उठला की इमारतीच्या काचा वाजल्या. मास्तरीणबाई सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होत्या आणि कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. काकूंचा खोपा सुटला होता, तळवे काळे झाले होते, आणि शेजारी त्यांची लेक, जिवंत, घामानं निथळत, खांद्याला खांदा लावून रेटत होती.

“काकू,” साहेब धापा टाकत पलीकडून म्हणाले, “आजच्या कागदावर काय लिहू मी? काय कारण देऊ?”

“कारण नंतर बघू,” काकू म्हणाल्या. “आधी लिहा, दहाही जण पोचले.”